लांब फ्रेंच शब्द तोडून म्हणायला शिकवणारा ऑडिओ कोर्स, दोन महिने वापरून

फ्रेंच वाचलेलं कळतं पण मोठा शब्द आला की जीभ अडते, असं ज्यांचं होतं त्यांनी हा कोर्स जरूर करावा. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शब्द शेवटाकडून चढवत नेतात, कारण फ्रेंचमध्ये जोर शेवटच्या सिलॅबलवर, म्हणजे एका झटक्यात म्हणायच्या तुकड्यावर येतो. आँतिकोंस्तित्युस्यॉनेलमाँ घ्या, म्हणजे घटनाबाह्य रीतीने, २५ अक्षरी स्पेलिंग. आधी नुसतं माँ, मग नेल-माँ, मग स्यॉ-नेल-माँ, असं करत करत आठही सिलॅबल जोडले आणि तिसऱ्या दिवशी मी तो एका दमात म्हटला, इतका आनंद झाला की काय सांगू!

तोडायचे नियम पण छान समजावलेत. दोन स्वरांच्या मधे एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या सिलॅबलला द्यायचं, दोन असतील तर मधून तोडायचं, पण दुसरं र किंवा ल असेल तर जोडी बहुतेक वेळा एकत्रच ठेवायची, म्हणून बि-ब्लि-ऑ-तेक (म्हणजे ग्रंथालय), बिब्-लि नाही.

तक्रार एकच पण मोठी आहे. सोबतच्या पीडीएफमध्ये शब्द लिहिताना कसा तुटतो तेवढंच दिलंय. देव्हलॉपमाँ (म्हणजे विकास) तिथे dé-ve-lop-pe-ment अशा पाच तुकड्यांत आहे, बोलताना मात्र देव्ह-लॉप-माँ असे तीनच राहतात, कारण मधले दोन्ही 'e' गळतात. आपण नाही का 'करतो' लिहितो आणि 'कर्तो' म्हणतो, तसंच आहे हे. पण हा फरक पाचव्या धड्यात सांगतात, तोपर्यंत मी आठवडाभर पाच तुकडे घोकत होते आणि ती सवय मोडायला नंतर फार त्रास झाला. हे पहिल्याच पानावर हवं होतं.

लिएझों, म्हणजे एरवी मुकं राहणारं शेवटचं व्यंजन पुढच्या शब्दाच्या स्वराला जोडून म्हणणं, ते पण शेवटी ढकललंय. ले (les) आणि आमी (amis, म्हणजे मित्र) जोडून ले-झा-मी होतं, म्हणजे सिलॅबल शब्दाची हद्द ओलांडून जातो, आणि हे कळल्याशिवाय साधं वाक्यसुद्धा नीट म्हणता येत नाही हो.

रेकॉर्डिंग मात्र एक नंबर, आधी सावकाश मग नेहमीच्या स्पीडने. माझ्याकडून चार स्टार. हेडफोन लावूनच ऐका, माँ मधला न म्हणायचाच नसतो, स्वर तेवढा नाकातून काढायचा असतो, आणि आपल्याला अनुस्वार दिसला की न किंवा म लावायची सवय, त्यामुळे फोनच्या स्पीकरवर हा फरक पटकन कानाला लागत नाही.