जैसलमेरची वाळवंट सफारी आणि तालुक्याच्या गावातला एजंट: पैसे भरण्याआधी वाचा

दारव्हा-दिग्रस पट्ट्यात सध्या सहलींच्या एजंटांचं पेव फुटलं आहे. बस स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान असतं, त्याच्याच अर्ध्या गाळ्यात टेबल-खुर्ची टाकली की झालं ऑफिस. वर फ्लेक्स: वाळूच्या टेकड्या, उंटांची रांग, मागे लालबुंद सूर्य. कापसाचे, सोयाबीनचे पैसे हातात आले की तेच फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला लागतात. आमच्या गावच्या महिला भिशीनं गेल्या वर्षी तुळशीचं लग्न आटोपल्यावर अशाच एका फ्लेक्सवरून राजस्थान केलं. जोधपूरबद्दल तक्रार नाही. जैसलमेरला वाळवंट सफारी म्हणून आम्हाला जे विकलं गेलं त्याबद्दल लिहिते आहे, कारण तोच फ्लेक्स यंदा पुन्हा लागला आहे, फक्त भाव वाढवून.

एजंट परका नव्हता. भिशीतल्याच एकीच्या माहेरचा, सगळ्यांना काकू-मावशी करणारा. "काकू, तुमी फक्त ब्यागा भरा, बाकी मी पाह्यतो." पैसे थोडे रोख घेतले, थोडे फोनवरून बायकोच्या खात्यात घेतले. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी पावती मागितली तेव्हा तो हसला. "आपल्याच मानसापाशी कायची पावती मांगता, म्याडम?" त्यावर दोघी-तिघी आमच्याच बायका त्यांना म्हणाल्या, जाऊ द्या न वं बाई, पोराले वाईट वाटते. या धंद्याचं भांडवल म्हणजे टेबल-खुर्ची नव्हे, हा संकोच. नात्यागोत्यातल्या माणसाला कागद मागणं आपल्याकडे माणुसकीला धरून नाही असं समजतात आणि एजंटाला ते पक्कं ठाऊक असतं.

कागद म्हणून मिळाला तो व्हॉट्सॲपवरचा कार्यक्रम. त्यात जैसलमेरच्या मुक्कामापुढे लिहिलं होतं: सम सँड ड्यून्स, उंट/जीप सफारी, सूर्यास्त दर्शन, कालबेलिया नृत्य, स्विस टेंट, राजस्थानी जेवण, दुसऱ्या दिवशी तनोट माता आणि बॉर्डर. शेवटी बारीक अक्षरात 'उपलब्धतेनुसार'. या एका मुक्कामाचे माणशी ४,५०० धरले होते. शिवाय 'बॉर्डरच्या परमिट'चे ५०० वेगळे, आधार कार्डाच्या झेरॉक्ससह.

आता थोडं तिथल्या जागेबद्दल, कारण फसवणूक नेमकी त्या जागेच्या आधारानं होते. थरचं वाळवंट म्हणजे नजर जाईल तिथवर वाळूचे डोंगर, असं आपण फोटोंवरून धरून चालतो. जैसलमेरभोवतीची बरीचशी जमीन खडकाळ आणि मुरमाड आहे, अधूनमधून केराची, बोरीची झुडपं. बसमधून पाहिलं तर उन्हाळ्यातल्या आपल्या बरड रानासारखीच. फोटोतल्या टेकड्या बघायला पर्यटकांना मुख्यतः सम आणि खुरी या गावांकडे नेतात. सम शहरापासून पश्चिमेला साधारण ४० किलोमीटर. त्या रस्त्याला तंबूंचे कॅम्पच कॅम्प आहेत. 'डेझर्ट कॅम्प' असं नाव असलं म्हणजे कॅम्प वाळूत असतो असं मुळीच नाही. आमचा तंबू मुरमावर होता. दारातून विजेचे खांब आणि शेजारच्या कॅम्पचं जनरेटर दिसायचं. वाळू तिथून पुढे, म्हणजे वाहनाशिवाय नाही.

आम्ही पोचलो तेव्हा चार वाजले होते. ढोल वाजला, कपाळाला टिळा लागला, सरबत आलं. मग रजिस्टर आलं, एकेकीचं आधार पाहून नाव लिहिणं सुरू झालं, ते काही केल्या संपेना. सगळं झाल्यावर मॅनेजरनं शांतपणे सांगितलं, "मैडम, सफारी इसमें नहीं है." आमच्या कार्यक्रमपत्रिकेवर बोट ठेवलं तर म्हणाला, हे आमचं नाही, तुमच्या एजंटचं आहे. एजंटाला फोन लावला. आधी लागेना. मग लागला, "पाच मिनिटात बोलतो काकू". मग पुन्हा लागेना.

इकडे गेटवर जीपवाले आणि उंटांचा ठेकेदार उभेच होते. कुणाला कसलीही घाई नव्हती. घाई होती ती सूर्याला. नोव्हेंबरात तिथं सूर्य सहाच्या जरा आधी मावळतो आणि सूर्यास्तासाठीच तर माणूस शेकडो मैल येतो. साडेचारला दोघींमागे एका उंटाचे ८०० सांगितले होते. सव्वापाचला तेच १,५०० झाले, कारण "अब ऊँट कम बचे हैं". टेकडीपर्यंत जीपचे माणशी ३०० आणखी. भांडायला वेळ नाही, शहर ४० किलोमीटरवर, आमची मिनी बस ड्रायव्हरसकट जेवायला गेलेली. आमच्यातल्या सगळ्यात वडील मावशी म्हणाल्या, "सूर्य पाह्याले तं आलो न माय, द्या पैशे." दिले.

रजिस्टरचा तो घोळ हा मला योगायोग वाटत नाही. सकाळी अकराला पोचलो असतो तर हाच वाद आम्ही शांतपणे घातला असता, शहरात परतून दुसरा कॅम्प पाहिला असता. वाद मुद्दाम अशा तासाला काढायचा की समोरच्याला पर्याय उरू नये, ही यातली खरी कारागिरी. जैसलमेरच्या सफारीचा कार्यक्रम हातात आला की त्यात कॅम्पवर पोचण्याची वेळ पाहा. दुपारी दोनच्या आत पोचवत नसतील तर का, हे विचारा.

उंटाची सफारी म्हणजे पहिल्या टेकडीपर्यंत जाणं आणि वळणं. "यहीं तक का पॉइंट है." उंट उठताना आधी मागचे पाय उभे करतो, त्यामुळे पाठीवरचं माणूस एकदम पुढे झुकतं. हे कुणी आधी सांगत नाही. उंटवाल्यानं मावशींचे दोन्ही हात खोगिराच्या खुंटीवर दाबून धरले आणि "बाई-सा, पीछे, पीछे" म्हणत राहिला, म्हणून त्या पडल्या नाहीत. म्हातारा माणूस होता. चालता चालता त्यानं सांगितलं की उंट त्याचा नाही, १,५०० मधले ३०० त्याला मिळतील, तेही हिशेब झाल्यावर. राजस्थाननं २०१४ मध्ये उंटाला राज्यपशू केलं. उंट वळणाऱ्याला त्यातून काय मिळालं, ते त्याच्या चपलेवरून कळत होतं. परत आल्यावर आमच्यातल्या काहीजणी "ते राजस्थानी लोकच चोर" असं गावभर सांगत होत्या, ते मला पटत नाही.

रात्री नाचाचा कार्यक्रम झाला. कालबेलिया या राजस्थानातल्या भटक्या जमातीचं नृत्य आणि गाणी २०१० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली आहेत. आमच्या वाट्याला त्यातली दोन गाणी आली. दुसऱ्या गाण्यात बायकांना हात धरून नाचायला ओढलं आणि लगेच थाळी फिरली. मग डीजे. जेवणात केर-सांगरीची भाजी मात्र अस्सल होती, हे सांगायला हवं.

मॅनेजरशी दुसऱ्यांदा बोलणं झालं ते या जेवणानंतर. निवृत्त बाई आणि मी त्याच्या टेबलाशी जाऊन बसलो. तोही दिवसभराचा दमलेला होता, बोलता झाला. त्यानं मोबाइलवर आलेला संदेश दाखवला: आमच्या ग्रुपचं नाव, माणशी १,१००, टेंट, रात्रीचं जेवण, नाश्ता, आणि शेवटी स्पष्ट 'नो सफारी'. संदेश आमच्या एजंटाचा नव्हताच, जोधपूरच्या कुणा तिसऱ्याचा होता. म्हणजे तालुक्यातल्यानं जोधपूरवाल्याला विकलं, जोधपूरवाल्यानं कॅम्पला, आणि प्रत्येकानं आपापला लचका तोडला. ४,५०० चे १,१०० होईपर्यंत सफारी वाटेतच गळून पडली. बाईंनी त्याच्या परवानगीनं त्या स्क्रीनचा फोटो काढून घेतला. पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो हाच फोटो.

सकाळी तनोट. आमच्या बऱ्याच बायका या मंदिरासाठीच तयार झाल्या होत्या. १९६५ च्या युद्धात मंदिराच्या परिसरात पडलेले पाकिस्तानी तोफगोळे फुटले नाहीत, अशी त्याची ख्याती. आज तिथली व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहतं. जैसलमेरहून ते सुमारे १२० किलोमीटर. नाश्ता होतो न होतो तोच एजंटाचा निरोप आला, "काकू, मिलिटरीनं परमिट कॅन्सल केलं, मी काय करू?" एका काकूंचा मुलगा सीमा सुरक्षा दलातच आहे. त्यांनी तिथूनच त्याला फोन लावला. तो म्हणाला, आई, मंदिरापर्यंत जायला आपल्या माणसाला कसलं परमिट? परवानगी लागते ती मंदिराच्या पुढे, सीमेवरच्या चौकीकडे जायला. ड्रायव्हरकडून उरलेलं कळलं: बस फक्त जैसलमेरच्या आसपास फिरवण्यासाठी ठरली होती, तनोटच्या जाण्यायेण्याचं डिझेल कुणी धरलंच नव्हतं. त्या दिवशी आम्ही गडीसर तलाव आणि किल्ला पाहिला. किल्ला सुरेख आहे, अजून माणसं आत राहतात, पण काकूंचं लक्ष लागलं नाही.

आपल्या भागातल्या लोकांची एक गफलत इथं होते, ती ताडोब्यामुळे. सफारी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर ताडोब्याचं गेट येतं: जिप्सीचे दर ठरलेले, गाइड गेटवरच मिळणार, आत किती गाड्या सोडायच्या तेही ठरलेलं. तिथंही २०२३ मध्ये ऑनलाइन बुकिंगच्या पैशांचा कोट्यवधींचा घोटाळा निघाला, पण निदान प्रवाशाच्या हातात कोणत्या गेटची, कोणत्या फेरीची नोंद आहे हे कळतं. समच्या वाळूवर आमच्या वाट्याला असं काही आलं नाही. उंट किती वेळ, कुठपर्यंत, जीपमध्ये किती माणसं, हे सगळं तिथं उभं राहून ठरत होतं. म्हणून ते घरूनच लिहून घ्यायचं: कॅम्पचं नाव आणि त्याचा फोन, तंबू वाळूत की रस्त्याकडेला, उंट की जीप (दोहोंमधली ती तिरपी रेघ चालू द्यायची नाही), किती वेळ, टेकडीपर्यंतचं वाहन कुणाचं. मग कॅम्पला आपण स्वतः फोन करायचा आणि विचारायचं, आमच्या नावानं काय काय भरलंय? हा फोन करू नका म्हणणारा एजंट तिथंच सोडून द्यावा. पैसे बायकोच्या, मेव्हण्याच्या खात्यात मागत असेल तर तेव्हाही तेच. आधारची झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख आडवी लिहून द्या.

परत आल्यावर एजंटाकडे गेलो तर चहा मागवला. "तिकडचे लोकच तसे हायेत काकू, माह्याच पैशे अडकले." स्क्रीनचा फोटो दाखवला तेव्हा चहा येण्याआधीच त्याला अर्जंट काम निघालं. नंतर ज्यांच्या माहेरचा तो, त्यांच्याकडून दबाव आला: बाहेर वाच्यता नको, पोराचा धंदा आहे. भिशी तेव्हा फुटता फुटता राहिली. काहीजणींनी पैशांवर पाणी सोडलं. आम्ही काहीजणींनी सोडलं नाही.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर विचारलं, मग एका वकिलांना भेटलो. दोन गोष्टी कळल्या, त्या गावाकडच्या कुणालाही उपयोगी आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथं राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते, म्हणजे आम्हाला यवतमाळ पुरतं, जैसलमेरला खेटे घालायची गरज नाही. आणि दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. पावती नसली तरी बँकेच्या पासबुकातली नोंद, व्हॉट्सॲपचा कार्यक्रम, पैसे मागणारे त्याचे आवाजी निरोप हे सगळं पुराव्यात धरता येतं. एजंट फोनमधून संदेश पुसून टाकतो, म्हणून स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. अनोळखी माणसाला ऑनलाइन पैसे पाठवून फसला असाल तर मात्र वाट न पाहता १९३० वर कळवायचं, तो सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे.

वकिलांची नोटीस गेल्यावर परमिटचे पाचशे प्रत्येकीला घरपोच आले, पाकिटात, पुन्हा पावतीशिवाय. आम्ही ते मिळाल्याचं लिहून त्याची सही घेऊन ठेवली आहे. सफारीच्या पैशांबद्दल तो अजून "जोधपूरवाल्याशी बोलतो" एवढंच म्हणतो. तक्रारीचे कागद तयार आहेत, या महिन्यात यवतमाळला दाखल करतो आहोत. याच फ्लेक्सवरून जैसलमेरला जाऊन आलेल्या आणखी कुणाकडे त्या कॅम्पचा संदेश किंवा खात्यातली नोंद असेल, तर ती जपून ठेवा आणि आमच्या गावच्या भिशीत निरोप द्या.