टाइलचा पूल की फायबरग्लासचा? सांध्यांचा एक हिशेब

परसात पूल करायचा हे घरात एकदा ठरलं की पुढचं घोडं इथे अडतं: काँक्रीट ओतून वर टाइल लावायच्या, की फायबरग्लासचं तयार कवच आणून खड्ड्यात उतरवायचं? व्हायनिल लायनरचा, म्हणजे खड्ड्यात प्लास्टिकचं अस्तर लावायचा, तिसरा मार्गही आहे, पण आमच्याकडे कुत्रा आहे आणि त्याला पाण्याचं वेड आहे. त्याची नखं बघून मी त्या वाटेला गेलो नाही. बाकी दोन्ही प्रकार वापरले आहेत. आधीच्या घरी टाइलचा पूल नऊ वर्षं सांभाळला, आताच्या घरी फायबरग्लासचा आहे आणि त्याचं सहावं वर्ष चालू आहे. त्यामुळे निदान कुरकुर तरी दोन्ही बाजूंनी करू शकतो.

दिसण्याच्या बाबतीत टाइलला तोड नाही. सकाळचं तिरपं ऊन बारीक निळ्या टाइलवर उतरलं की सगळा तळ थरथरतो. फायबरग्लासच्या गुळगुळीत तळावर ती मजा येत नाही, हे सहाव्या वर्षीही मला जाणवतं. शिवाय काँक्रीटमध्ये हवा तो आकार, हवी ती खोली मिळते. कवच ट्रकवरून येणार, त्यामुळे त्याची रुंदी फार तर पाच मीटर, आणि आकार कारखान्याच्या साच्यात असेल तोच. घरात कुणाला सूर मारायला खोल टोक हवं असेल तर टाइलच घ्या. पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

बांधायला लागणारा वेळ हा मुद्दा सगळे मांडतात. काँक्रीटला काही महिने, कवचाला काही आठवडे. खरं आहे, पण पंचवीस वर्षं वापरायच्या वस्तूसाठी चार महिने थांबायला माझी तरी हरकत नसते.

माझं मत फिरलं ते ग्राऊटमुळे, म्हणजे टाइलांमधल्या सांध्यांत भरतात त्या मसाल्यामुळे.

जुना पूल आठ मीटर बाय चार मीटर, सरासरी खोली 1.4 मीटर. तळ आणि भिंती मिळून साधारण 65 चौरस मीटर. टाइल होत्या मोझेकच्या, सांध्यासकट अडीच सेंटिमीटरच्या. हौस माझीच. एका शनिवारी शिडीमागच्या कोपऱ्यात टूथब्रशने शेवाळ घासताना डोक्यात हिशेब सुरू झाला. एका चौरस मीटरमध्ये 40 आडव्या रेघा आणि 40 उभ्या, म्हणजे 80 मीटर सांधा. गुणिले 65. पाच किलोमीटरच्या वर! घरामागे पाच किलोमीटर लांबीची चिंचोळी, खरबरीत, ओली भेग मी स्वतः पैसे मोजून करून घेतली होती आणि तिच्यात शेवाळ येतं म्हणून दर शनिवारी चिडत होतो.

टाइल स्वतः काचेसारखी, तिला काही चिकटत नाही. सिमेंटचं ग्राऊट मात्र सच्छिद्र. शेवाळ त्यात आत शिरून बसतं, क्लोरीन वरचा थर मारतं आणि आतलं तसंच राहतं. टेस्ट किट म्हणतंय क्लोरीन 2 पीपीएम, पीएच 7.4, सगळं आलबेल. आणि शिडीमागे काळपट हिरवी रेघ आठवड्यात परत हजर. तिथे पाणी फिरत नव्हतं, ऊनही पोहोचत नव्हतं. पूलभर फिरणारा लांब दांड्याचा ब्रश त्या कोपऱ्यात वळतच नसे, म्हणून टूथब्रश.

यात माझीही चूक होती, ती सांगायला हवी. सुरुवातीला नवं सिमेंट पीएच वर ढकलत होतं, तेव्हा ॲसिड टाकत होतो, तिथवर ठीक. पुढे कंटाळून मी तरंगत्या डब्यात क्लोरीनच्या गोळ्या घालून मोकळा व्हायला लागलो. या ट्रायक्लोर गोळ्या स्वतः चांगल्याच आम्लधर्मी असतात. दोन मोसमांत अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, 80 ते 120 पीपीएमऐवजी 50 वर आली होती आणि मी ती मोजतच नव्हतो. असं पाणी भुकेलं असतं, मिळेल तिथून चुना ओढतं. माझ्या पूलमध्ये चुना होता ग्राऊटमध्ये. एके दिवशी सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं तर ओल्या वाळूसारखे कण हातात आले. सांधा जितका झिजला तितका खरबरीत झाला, आणि खरबरीत झाल्यावर शेवाळाला आणखी जागा. शेवाळ मारायला आणखी गोळ्या. मग टाइलच्या कडा उघड्या पडल्या आणि धाकट्याच्या पायाचा अंगठा कापला. घरातला कौल त्याच दिवशी लागला.

फायबरग्लासमध्ये शेवाळ येत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जोरदार पाऊस पडून क्लोरीन उतरलं की आमच्याकडेही पायऱ्यांवर हिरवी साय धरते. पण जेलकोटला, म्हणजे कवचाच्या वरच्या गुळगुळीत थराला, छिद्रं नाहीत, त्यामुळे तिला पकड मिळत नाही. नायलॉनच्या ब्रशचा एक हात फिरवला की ती ढगासारखी सुटते आणि पुढचं फिल्टर बघतो. शनिवारचं काम माझ्या अंदाजाने पाऊण तासावरून दहा मिनिटांवर आलं. घड्याळ लावून बघितलेलं नाही, पण चहा गार व्हायच्या आत मी परत आलेला असतो. रसायनंही कमी लागतात असं वाटतं, कारण कवच पाण्याला चुना देतही नाही आणि पाण्याला त्याच्याकडून ओढायलाही काही मिळत नाही. पीएच त्यामानाने एका जागी राहतो.

आता कवचाची दुखणी. तळाच्या तिसऱ्या पायरीवर नाण्याएवढा पांढरा डाग आहे. डब्यातून गोळी निसटली आणि रात्रभर तिथे पडून राहिली, तिने रंग खाल्ला. टाइल असती तर बदलली असती. इथे ठिगळ लावलं तरी रंग जुळत नाही म्हणतात, त्यामुळे डाग तसाच आहे. स्टीलचा ब्रश अजिबात चालत नाही. आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे पूल रिकामा करणं. जमिनीखाली पाणी वर आलेलं असताना आतलं पाणी उपसलं तर हलकं कवच होडीसारखं वर उचललं जातं. काँक्रीटलाही हा धोका असतो, पण त्याचं वजन त्याच्या बाजूने असतं. म्हणून कवचाच्या कडेने तळापर्यंत एक उभी नळी सोडून घ्या. तिच्यात डोकावून भूजल कुठे आहे ते कळतं आणि गरज पडली तर तिथूनच पंप लावून उपसता येतं. बसवतानाही एक गोष्ट उभं राहून बघा: आत पाणी आणि बाहेर खडीचा भराव दोन्ही बरोबरीने चढले पाहिजेत. भराव पुढे गेला तर भिंत आत दबते, पाणी पुढे गेलं तर बाहेर फुगते. आमच्या कामगारांना घाई होती, मी खुर्ची टाकून बसलो म्हणून निभावलं.

पंप, फिल्टर, मिठावर चालणारं क्लोरीन यंत्र, चारी बाजूंनी कुंपण आणि आपोआप मिटणारं फाटक, हे सगळं दोन्हीकडे सारखंच. त्यावरून निवड करू नका.

तुमच्याकडे देखभालीला माणूस येणार असेल, किंवा शनिवारची ती घासाघीस तुम्हाला आवडणार असेल, तर टाइलचा पूल घेऊन तुम्ही पस्तावाल असं मी म्हणणार नाही. अशी माणसं असतात. माझे सासरे त्यातलेच. मला पुन्हा निवडायला सांगितलं तर कवचच घेईन, डागासकट.

टाइलच घेणार असाल तर मोझेकचा मोह फक्त पाण्याच्या रेषेपुरता ठेवा आणि खाली मोठ्या टाइल लावा. 20 सेंटिमीटरच्या टाइलला त्याच पूलमध्ये सांधा साडेसहाशे मीटरच भरतो. ग्राऊट इपॉक्सीचं घ्या, ते पाणी पीत नाही आणि आम्लाला दाद देत नाही. मात्र ते भरणारा गवंडी सरावाचा हवा, कारण टाइलवर सांडून वाळलं की निघता निघत नाही. आणि पाणी परत आत सोडणारा एक जेट शिडीमागच्या कोपऱ्याकडे वळवून घ्या. प्लंबर म्हणेल गरज नाही. तरी घ्या.