आठ बाय सहाचे हरितगृह, घरचे टोमॅटो आणि दाराची चेन

एप्रिलच्या मध्यावर आमच्या हरितगृहाच्या दाराच्या चेनचा (झिपचा) रनर दुभंगून हातात आला आणि त्यानंतर विक्रेत्याशी झालेल्या पत्रव्यवहारामुळेच हा अनुभव सविस्तर लिहावासा वाटला. हरितगृहाचे हे किट ज्यांनी घेतले आहे किंवा घेण्याचा विचार केला आहे, त्यांना पाइपांचा सांगाडा, जाळीदार विणीचे प्लॅस्टिक कव्हर आणि गुंडाळता येणाऱ्या खिडक्या यांची माहिती असतेच, त्यामुळे ती पुन्हा देत नाही. नाशिकमधील आमच्या घराच्या मागील अंगणात गेल्या जूनमध्ये ते उभे केले आणि तुलना करता यावी म्हणून एकाच ट्रेमधील निम्मी रोपे आत, तर निम्मी परसातील उघड्या वाफ्यात लावली. वाण दोनच होते: बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक आणि एक चेरी टोमॅटो.

नाशिक जिल्ह्यात राहून घरी टोमॅटो लावणे हा पैशांचा हिशेब जुळवण्याचा मार्ग नव्हे, हे आधीच सांगितले पाहिजे. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटचा भाव काही आठवड्यांत कुठून कुठे जातो, हे येथे सर्वांना माहीत आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला आणि जुलै २०२३ मध्ये तोच टोमॅटो किरकोळीत शंभर रुपये किलोच्या वर गेला. मला हवा होता तो भर पावसाळ्यात फवारणीशिवाय वाढलेला, झाडावरच पूर्ण पिकलेला टोमॅटो, आणि तेवढ्यापुरते या किटने माझे समाधान केले.

पावसाळ्यातील फरक डोळ्यांत भरणारा होता. टोमॅटोच्या पानावर पाणी तासन्‌तास राहिले की करपा या बुरशीजन्य रोगाला रान मोकळे मिळते आणि पावसाच्या थेंबांबरोबर उडणारी माती खालच्या पानांवर रोग चढवते. ऑगस्ट संपता संपता वाफ्यातील चेरीची खालची पाने गोल तपकिरी वलयांनी भरून गळू लागली होती आणि पिकत आलेली फळे पावसाच्या प्रत्येक मोठ्या सरीनंतर देठापाशी तडकत होती. आतील झाडांची पाने मात्र कोरडी होती. पाणी फक्त ठिबकच्या नळीतून मुळांशी जात होते आणि ते नियमित असल्यामुळे फळांचे बूड काळे पडण्याचा त्रासही जवळजवळ झाला नाही. अर्का रक्षक लवकर येणाऱ्या करप्याला प्रतिकारक असल्याने तो बाहेरही टिकून राहिला, हे त्या वाणाचे श्रेय आहे, हरितगृहाचे नव्हे.

ऑक्टोबरमध्ये मात्र माझे मत पार बदलले होते. आतील झाडे छपराला टेकली, बगलफूट (पानांच्या बेचक्यातून फुटणारे कोंब) काढता काढता हात हिरवे होत होते, पण फुलांचे घोस देठाच्या सांध्यापाशी पिवळे पडून गळत होते. त्याच वेळी बाहेरच्या रोगट झाडांना फळे धरत होती. टोमॅटोचे फूल स्वपरागित असले तरी परागकोशाच्या नळीतून पराग बाहेर पडण्यासाठी त्याला हादरा लागतो. बाहेर हे काम वारा करतो, तसेच काळा भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची एकांडी माशी करते. टोमॅटोच्या फुलात मकरंद नसतो, त्यामुळे मधमाशीला त्यात फारसा रस नाही. बंद दाराआड यांपैकी काहीच पोहोचत नव्हते, शिवाय दमट हवेत परागांच्या गुठळ्या होतात. युरोपात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हरितगृहांत यासाठी बंबल बी (मधमाशीच्या कुळातील जाड, केसाळ माशी) सोडतात. येथे जुन्या बॅटरीच्या टूथब्रशची मागील बाजू घोसाच्या देठाला दोन-तीन सेकंद टेकवणे पुरेसे ठरले. सकाळी दहाच्या सुमारास, दव वाळल्यावर हे केले, की ऊन तिरपे असल्यास परागांचा बारीक पिवळा धूर खाली उतरताना दिसतो. त्यानंतर फळधारणा इतकी सुधारली की डिसेंबरमध्ये शेजारी वाटूनही टोमॅटो उरत होते. माहितीपत्रकात याविषयी एक ओळही नाही, ही माझी गंभीर तक्रार आहे.

आता चेनविषयी. टोमॅटोच्या बाबतीत दार पूर्ण मिटणे ही सोयीची बाब नसून तेच संरक्षण आहे. पाने वळवून झाड खुजे करणारा लीफ कर्लचा विषाणू पांढरी माशी पसरवते, ती जेमतेम एक मिलिमीटर लांब असते आणि रोप लहान असताना लागण झाली तर त्या झाडाकडून फळाची आशा सोडावी लागते. खिडक्यांना मिळालेली मूळ जाळी डासांपुरती होती. कृषी केंद्रातून चाळीस मेशची (इंचाला चाळीस छिद्रांची) जाळी आणून मी ती वरून शिवून घेतली. त्यामुळे हवा कमी खेळते आणि आत उष्णता वाढते, परंतु हा सौदा मला मान्य होता. फेब्रुवारीपर्यंत माश्या पकडणारे पिवळे चिकट सापळे जवळपास स्वच्छ राहिले. एवढ्या तटबंदीत दाराची चेन मात्र साध्या शालेय दप्तराच्या दर्जाची. तिची पट्टी पश्चिमेच्या उन्हात विटली, शिवण सुटू लागली आणि प्लॅस्टिकचा रनर ठिसूळ होऊन तुटला. पंधरवड्याच्या आत सापळा माश्यांनी भरला आणि चेरीच्या शेंड्यांची पाने वाटीसारखी वर वळली. अर्का रक्षक या रोगालाही फारशी दाद देत नाही, पण खरिपाची चेरीची रोपे मे महिन्यात याच जागी तयार करायची होती आणि नेमके त्याच्या तोंडावर दार उघडे पडले.

विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली. पहिले उत्तर आले की ही वापरातील झीज आहे, हमी केवळ सांगाड्याला आहे. मी चेन विकत देण्याची विनंती केली, तेव्हा फोनवर सांगण्यात आले, "मॅडम, चेन सुटी मिळत नाही, पूर्ण कव्हर घ्यावे लागेल." त्या कव्हरची किंमत संपूर्ण किटच्या निम्म्याहून अधिक आहे. वर्षभर उन्हात राहण्यासाठीच विकलेल्या वस्तूला ऊन न सोसणारी चेन लावायची आणि ती गेल्यावर धडधाकट कव्हर टाकून द्यायला सांगायचे, हे मला अजिबात पटलेले नाही, आणि तसे मी त्यांना लेखी कळवले आहे.

शेवटी दाराची झडप उसवून मुंबई-आग्रा महामार्गालगत ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या कारागिराकडे नेली. त्यांनी दहा नंबरची जाड चेन, धातूचा रनर आणि चेनवर ऊन पडू नये म्हणून ताडपत्रीची दुमडलेली पट्टी असे सारे मिळून साडेतीनशे रुपयांत करून दिले. रनर आता एका बोटाने सरकतो.

उन्हाळ्याबद्दल खोट्या अपेक्षा ठेवू नयेत. मार्चमध्ये दुपारी आतील तापमापक पंचेचाळीसच्या पुढे गेला. पस्तीस अंशांच्या वर पराग निकामी होऊ लागतात आणि तिशी ओलांडली की फळातील लाल रंग नीट तयार होत नाही, त्यामुळे शेवटची फळे नारिंगीच राहिली. पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी वरून टाकल्यावर झाडे तगली, पण फळधारणा थांबली ती थांबलीच. तेव्हा या दिवसांत आत फक्त रोपवाटिका ठेवावी. सांगाड्याला कुठेही गंज नाही आणि वळवाच्या वादळातही तो हलला नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

माझ्याकडून पाचपैकी तीन गुण, आणि चेन सुटी मिळू लागली तर चार. घेणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी सुट्या भागांचे दरपत्रक लेखी मागून घ्यावे. ते मिळत नसेल तर फक्त सांगाडा विकत घेऊन कव्हर स्थानिक ताडपत्रीवाल्याकडून शिवून घ्यावे.