व्हीलचेअरवरच्या विद्यार्थिनीसाठी कुंभाराचं जुनं चाक: दोनपैकी कोणतं घ्यावं?

माझ्या कुंभारकामाच्या वर्गात यंदा एक मुलगी येते आहे. ती व्हीलचेअर वापरते. कमरेखाली संवेदना नाही, हात मात्र चांगले दणकट. तिच्यासाठी जुनं चाक शोधताना पुण्यात दोन विजेवरची चाकं बघितली. मुंढव्याच्या केशवनगरात कुंभारांची चाकं आहेत. पण काठीने फिरवायच्या चाकाला खाली बसून वाकावं लागतं, म्हणून तो विचार सोडला.

पहिलं चाक घर्षणावर चालणारं. मोटर एकाच वेगाने फिरते, पेडल दाबलं की शंकू आणि रबरी चकती यांची जागा बदलते नि चाकाचा वेग कमीजास्त होतो. बेअरिंग, रबर, नटबोल्ट बोहरी आळीत हिंडलं की मिळतात, आणि दुरुस्ती कुठलाही बरा फिटर करतो. पेडलला वेल्डरकडून नळी जोडली की हाताचा दांडाही होतो. तो सोडला तरी जागेवर राहिला पाहिजे, कारण गोळा मधोमध बसवताना दोन्ही हात मातीवर असतात. अडचण वेगळीच आहे: मोटर आणि सांगाडा खालपर्यंत असल्याने गुडघे आत जात नाहीत. मग खुर्ची आडवी लावून कंबर पिळून बसावं लागतं, आणि तासाभरात पाठ बोलते. ज्याला चालता येतं, फक्त पाय दाबता येत नाही, त्याला हे चाक खुशाल द्या.

दुसरं डीसी मोटरचं, पेडल वायरने वेगळं. माझा कौल याला. मोटर लहान असल्याने चाक मजबूत टेबलावर चढवून खाली गुडघ्यांना जागा करता येते. पेडलऐवजी हाताशी फिरवायचं बटण बसवलं की वेग तिथेच राहतो. यात मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर नाजूक. तो जळला तर नवा मिळेपर्यंत चाक बंद. म्हणून घेण्याआधी मंद वेगावर दोन-तीन किलोचा गोळा ठेवून तळहाताने दाबा. चाक अडखळलं किंवा गुरगुरलं तर तिथेच थांबा.

बटण लावलं की एक धोका येतो. काही चाकांत पेडलवरचा पाय उचलला की चाक थांबतं, बटण मात्र जिथे ठेवलं तिथेच. वीज गेली आणि परत आली, तर चाक आपोआप त्याच वेगाने सुरू होईल. गुरुवारी वीज जाणं पुणेकरांना नवं नाही. त्यामुळे वीज आल्यावर पुन्हा दाबल्याशिवाय सुरू न होणारा स्विच आणि कोपराने मारता येईल असं मोठं लाल बंद-बटण, दोन्ही बसवून घ्या. ओल्या हातांचं काम आहे, ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच.

तापलेल्या मोटरला मांडी टेकली तर तिला कळणारही नाही. म्हणून मोटर आणि पाय यांच्यामध्ये अंतर सोडून प्लायवूडची आडोशाची फळी लावली. आपण कोपर मांडीवर टेकवून गोळा बसवतो. तिच्या मांड्या टेबलाखाली, म्हणून चाकाभोवतीच्या ट्रेच्या दोन्ही बाजूंना हात टेकायच्या फळ्या दिल्या. उंची मात्र मी ठरवली नाही. तिला खुर्चीच्या गादीसकट बसवलं, ब्रेक लावायला सांगितले, हातात अर्धा किलोचा मऊ गोळा दिला आणि टेबलाखाली विटा घालत-काढत राहिलो. तिसऱ्या वेळेला ती म्हणाली, “सर, आता खांद्यावर ताण नाही येत.” त्या विटांची उंची मोजून टेबलाचे पाय वेल्ड करायला दिले.