छत्तीस प्रश्न आणि माझी प्रेमकथा: आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

गेले आठ महिने मी एक लघुकादंबरी लिहितेय. प्रेमकथा आहे. पहिला खर्डा वाचून एका मैत्रिणीनं एवढंच विचारलं, "हे दोघं एकमेकांच्याच प्रेमात का पडले? दुसरं कुणी असतं तरी चाललं असतं ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नायिका देखणी, नायक समजूतदार, दोघांच्या चार भेटी, एक गैरसमज, मग मीलन. सगळं जागच्या जागी होतं, फक्त प्रेम कुठे दिसत नव्हतं.

त्यानंतर मी ३६ प्रश्नांची ती प्रसिद्ध यादी हाताशी घेतली. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातली ही यादी. बारा-बारा प्रश्नांचे तीन संच आहेत आणि प्रत्येक संच आधीच्यापेक्षा जास्त खोलात जातो. दोन अनोळखी माणसांनी समोरासमोर बसून आळीपाळीनं उत्तरं द्यायची, साधारण पाऊण तास. अशानं दोघांत जवळीक निर्माण होते का, एवढंच त्या प्रयोगात पाहायचं होतं. 'प्रेमात पाडणारे प्रश्न' ही ख्याती यादीला नंतर चिकटली. मी हे प्रश्न खऱ्या माणसांना न विचारता माझ्या दोन पात्रांना विचारले. दोघांसाठी दोन वह्या केल्या आणि उत्तरं त्यांच्याच तोंडून, 'मी' म्हणत लिहिली.

पहिला महिना वाया गेला, हे आधीच सांगते. उत्तरं इतकी छान आली की मी ती सरळ संवादांत टाकली. ती विचारतेय, तो सांगतोय, मग तो विचारतोय. चार पानं वाचली आणि नोकरीची मुलाखत चालल्यासारखं वाटलं. शिवाय तिसऱ्या संचातली उत्तरं दुसऱ्याच प्रकरणात बाहेर पडली होती. शेवटचं कुणासमोर रडलात, घरातल्या कुणाचा मृत्यू सगळ्यात जास्त हलवून टाकेल, असे ते प्रश्न. दोघांनी इतक्या लवकर मन मोकळं केल्यावर पुढच्या दहा प्रकरणांत करायला काही उरलंच नाही. सगळे संवाद काढून टाकले. वह्या मात्र ठेवल्या.

खरा उपयोग सुरू झाला तो तिसऱ्या प्रश्नापासून. फोन करण्याआधी काय बोलायचं याची तुम्ही मनात उजळणी करता का, असा तो प्रश्न आहे. नायकानं 'छे, कधीच नाही' म्हणून विषय संपवला. नायिकेच्या वहीत मी लिहिलं, 'हो, कागदावर लिहून काढते.' लिहिताना त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. दोन महिन्यांनी सातव्या प्रकरणात नायक तिच्या घरी एकटा थांबलेला असताना त्याला फोनशेजारी एक चिठ्ठी दिसते. चिठ्ठीवर त्याचं नाव. खाली 'सहज फोन केला', त्यावर काट. त्याखाली 'कामात आहेस का?', त्यावरही काट. मग नुसतं 'मी बोलतेय.' आदल्या रात्रीचा तिचा फोन त्याला आठवतो. ती अगदी सहज बोलली होती, 'मी बोलतेय.' तो चिठ्ठी होती तशी ठेवून देतो आणि तिला कधीच काही सांगत नाही. त्याच मैत्रिणीला हे प्रकरण दिलं. या वेळी तिनं 'का' विचारलं नाही, पुढचं प्रकरण मागितलं.

तेव्हापासून माझी वापरायची रीत बदलली. आता उत्तर एकाकडे असतं आणि दुसऱ्याला ते अपघातानं, अर्धवट, उशिरा कळतं. वाचकाला मात्र दोन्ही वह्या ठाऊक असतात. प्रसंगातला ताण तिथून येतो.

मूळ प्रयोगातली एक अट मी सुरुवातीला दुर्लक्षिली होती, आणि ती फार मोलाची निघाली. प्रश्न दोघांनीही सोडवायचे असतात. माझ्या खर्ड्यात ती बोलायची आणि तो ऐकायचा. मला तो गुणी श्रोता वाटत होता, पण कागदावर तो निव्वळ खांब झाला होता. जवळ यायचं तर दोघांनीही काहीतरी उघडं करावं लागतं. मग तिनं दिलेल्या प्रत्येक गोष्टीच्या बदल्यात त्यानं काय दिलं, हे मी समासात लिहू लागले. तीन प्रकरणांत समास कोराच राहिला. ती तिन्ही पुन्हा लिहिली.

मराठीत न पटणाऱ्या दोघांचा छत्तीसचा आकडा असतो, कारण ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले. यादीतही नेमके ३६ प्रश्न, हा योगायोग मला फार आवडला. माझ्या दोघांची सुरुवात मी तशीच पाठमोरी ठेवली आणि कोण आधी किती वळतं याचा हिशेब प्रकरणागणिक ठेवला.

यादी कुठे कमी पडते? अडथळा देत नाही. जवळीक कशी वाढते ते ती दाखवते, पण हे दोघं एकत्र का येऊ शकत नाहीत हे लेखकालाच शोधावं लागतं. माझी पाच आठवडे गाडी अडली ती इथेच. शेवटी तेहतिसाव्या प्रश्नानं वाट दिली. आज संध्याकाळी मरण आलं आणि कुणाशी बोलायची संधी नसेल, तर कुणाला काय सांगायचं राहून गेल्याची खंत वाटेल? आणि ते अजून का सांगितलं नाही? प्रश्नाचा हा दुसरा भाग सोन्यासारखा आहे. नायकाच्या वहीत या 'का'चं उत्तर त्याच्या भावाबद्दल निघालं, नायिकेशी त्याचा काहीच संबंध नव्हता. कादंबरीतला अडथळा तोच झाला.

मध्यंतरी मी वादळाचा एक प्रसंगही घालून पाहिला. १९७४ मध्ये डटन आणि ॲरन यांनी केलेला झुलत्या पुलाचा प्रयोग वाचला होता. डुगडुगणारा उंच पूल ओलांडून आलेल्या पुरुषांनी मुलाखत घेणाऱ्या तरुणीला नंतर फोन करण्याचं प्रमाण, भक्कम पुलावरच्या पुरुषांपेक्षा जास्त होतं. भीतीची धडधड आकर्षण म्हणून वाचली जाते, असा त्याचा अर्थ लावला गेला. माझ्या वादळात दोघं बिलगले खरे, पण पुढच्या प्रकरणात त्यांच्याकडे बोलायला काहीच नव्हतं. प्रसंग काढला.

हल्ली मी सगळे ३६ सोडवत नाही. जेवायला जगातल्या कुणाला बोलवाल, यासारख्या पहिल्या प्रश्नांनी पात्रं हुशारी दाखवतात, म्हणून ते गाळते. तिसरा, तेहतिसावा आणि आगीतून एकच वस्तू वाचवायचा चौतिसावा, हे तीन कधीच सोडत नाही. नव्या कथेची वही परवाच उघडली. तिच्या नायिकेनं चौतिसाव्याचं उत्तर दोनदा बदललंय, आणि दुसऱ्या वेळी ती खोटं बोलतेय असा मला संशय आहे. सध्या ते कुणापासून लपवतेय, हे शोधतेय.