9 महिने, 22 ट्रेक: दुर्बीण, ब्रिज कॅमेरा आणि आवाज ओळखणारं ॲप, तिघांचा अनुभव

मागच्या मे महिन्यात तीन गोष्टी एकदम सुरू केल्या. 8x42 ची (8 पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं 42 मिलिमीटरची) दुर्बीण घेतली, एका ओळखीच्या माणसाकडून सेकंड हँड ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलता येणारा, मोठ्या झूमचा) घेतला आणि फोनमध्ये आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप टाकलं. तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंत 22 ट्रेक झाले, बहुतेक पुण्याच्या आसपासचे, राजमाची, लोहगड, सिंहगड व्हॅली, भीमाशंकर, नाणेघाट, आणि दोन कोकणात. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाहीये, कारण मी लिहितोय ते या प्रकारच्या बहुतेक सगळ्या वस्तूंना लागू होईल. आणि हे ज्यांना ट्रेक सोडायचा नाहीये पण वाटेतले पक्षी कळायला हवेत अशांसाठी आहे, सकाळभर हाइडमध्ये, म्हणजे पक्ष्यांना दिसू नये अशा आडोशात बसून फोटो काढणाऱ्यांचं गणित वेगळं असतं.

आधी दुर्बीण, कारण पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त तिनेच दिलं. साडेअकरा हजारांना पडली. दुकानात 10x50 पण हातात घेऊन बघितली, पक्षी मोठा दिसतो हे खरं पण चढ चढून दम लागलेला असताना हात हलतो आणि 10 पटीत ते हलणं पण 10 पट दिसतं, शिवाय गळ्यात वजन. 8x42 मध्ये 42 भागिले 8 म्हणजे साधारण सव्वापाच मिलिमीटरचं उजेडाचं वर्तुळ डोळ्यात येतं, त्यामुळे पहाटे झाडीत सुद्धा रंग कळतात. चष्मेवाल्यांनी रबरी आयकप खाली फिरवून चष्म्यासकट बघून मगच घ्या, मला पहिल्या दोन दुर्बिणींत मधला गोलच दिसत होता, कडा काळ्या. आणि उजव्या डोळ्याजवळची डायऑप्टरची रिंग (दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणारी) एकदा नीट सेट करा, मी महिनाभर केलीच नव्हती, डोकं दुखायचं आणि मला वाटायचं दुर्बीण खराब आहे. माझी वॉटरप्रूफ आहे, जुलैच्या पावसात दिवसभर भिजली, आतून धुकं धरलं नाही.

पण दुर्बीण वापरायची कशी हे मला नोव्हेंबरात कळलं. आपल्याकडे 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, त्यातल्या एका फेरीला सिंहगड व्हॅलीत गेलो होतो, तिथे एक साठीच्या काकू होत्या. मी पक्षी दिसला की मान खाली घालून दुर्बीण उचलायचो आणि मग पक्षी शोधत बसायचो. त्या म्हणाल्या, "अरे, नजर हलवू नकोस पक्ष्यावरनं. तू तिथेच बघत राहा आणि दुर्बीण डोळ्यांपाशी आण." एवढंच. त्या दिवशी स्वर्गीय नर्तक, टिकेलचा निळा माशीमार आणि एक नाचण असे तिघं पहिल्या फटक्यात सापडले, आधीचे पाच महिने मी निम्मे पक्षी याच चुकीपायी घालवले होते.

आता कॅमेरा. याच्याबद्दल खूप लिहायचंय कारण मी स्वतः घेण्याआधी जे रिव्ह्यू वाचले त्यात सगळे चंद्राचे फोटो काढतात. जंगलात चंद्र नसतो, जंगलात पानांच्या मागे पाठमोरा बसलेला हळद्या असतो.

झूम प्रचंड आहे, लांब टोकाला फुल फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या) हिशेबात 1300 मिलिमीटरच्या पुढे जातो. पण आत सेन्सर 1/2.3 इंची, म्हणजे जेमतेम 6 मिलिमीटर रुंद (फुल फ्रेमचा 36 असतो), आणि लांब टोकाला ॲपर्चर 6.5. सोप्या भाषेत, उजेड कमी पडतो. उन्हात तारेवर बसलेला वेडा राघू काय सुंदर येतो, पिसन् पिस. तोच कॅमेरा घेऊन जुलैत राजमाचीला गेलो, पहाटे उधेवाडीच्या जवळ शीळकरी कस्तूर शीळ घालत होता. ती शीळ ज्याने ऐकलीय त्याला सांगायला नको, माणूसच रमतगमत शीळ घालत चाललाय असं वाटतं, पावसाळा त्यांच्या विणीचा काळ, त्यामुळे धो धो पावसात पण थांबत नाही. मी इकडेतिकडे कॅमेरा फिरवतोय, तर गावातले एक मामा गुरं घेऊन चाललेले, ते थांबले आणि म्हणाले, "वर नका बघू. त्यो पाण्याच्या अंगाला असतोय, त्या वघळीत बघा." आणि खरंच, ओढ्यातल्या दगडावर. दुर्बिणीतून कपाळावरचा आणि खांद्यावरचा तो चमकता निळा पट्टा दिसला, मी बघतच राहिलो. फोटोत मात्र आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) 1600 ला दगडावर एक काळा ठिपका आणि भोवती दाणेच दाणे. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही, कारण मी तो नीट बघितला होता.

मग कॅमेरा घ्यावा का? माझं उत्तर हो, पण नोंदीसाठी. डिसेंबरात परत राजमाचीलाच संध्याकाळी एक मोठा शिकारी पक्षी दरीतल्या झाडांच्या शेंड्यांना लागून अगदी संथ चालला होता, आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणाले सर्पगरुड, मी पण तेच धरलं होतं. 14 फोटो काढले, 11 हलले. उरलेल्या तीनात पंखाखालचा तो रुंद पांढरा पट्टा नव्हताच, सगळा पक्षी गडद आणि पाय पिवळे. काळा गरुड, ब्लॅक ईगल! फोटो कुणाला दाखवण्यासारखा नाही पण ओळख पक्की झाली, आणि नुसत्या डोळ्यांवर विसंबलो असतो तर वहीत चुकीचंच नाव गेलं असतं.

वापरताना जे उपयोगी पडलं ते सांगतो. झूम केल्यावर पक्षी हरवला की एक बटण दाबून झूम तात्पुरता मागे येतो, ते बटण अंगठ्याला पाठ झालं पाहिजे. फोकसचा चौकोन सगळ्यात छोटा ठेवा, नाहीतर कॅमेरा पुढची काटकी पकडतो. आकाशाच्या पार्श्वभूमीवर पक्षी असेल तर एक्स्पोजर एक पायरी वर, नाहीतर नुसती सावली येते, बगळ्यासाठी उलट, थोडं खाली. सकाळी दहानंतर पठारावर लांबचे फोटो काढूच नका, तापलेल्या हवेने सगळं पाण्यातून बघितल्यासारखं येतं, मी यासाठी आधी लेन्सला दोष देत होतो. बॅटऱ्या दोन लागतात. कॅमेरा जवळजवळ किलोभर आहे, गळ्यात अडकवून रॉक पॅचवर जाणं धोक्याचं आहे, मी एकदा हात पोचायच्या आधीच कॅमेरा खडकावर आपटवलाय, तेव्हापासून अवघड जागा आली की तो सरळ सॅकमध्ये. पाऊस याला अजिबात चालत नाही. पावसाळ्यात घरी आल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, लेन्समध्ये बुरशी गेली की खर्चाचं काम आहे. ऑक्टोबरात चार्जिंगच्या सॉकेटवरचं रबरी झाकण निघालं, एवढ्याशा तुकड्यासाठी सर्व्हिस सेंटरने पाच आठवडे कॅमेरा ठेवून घेतला आणि तीन वेळा फोन करूनही सरळ उत्तर दिलं नाही, ऐन पाहुणे पक्षी यायच्या दिवसांत. तो राग अजून आहे.

ॲप. फुकट आहे, आपल्या भागाचा डेटा घरी डाउनलोड केला की रेंज नसताना पण चालतं, आणि नवशिक्याला कान देतं हे नक्की. तांबट आणि कुर्टूक यांच्यातला फरक, शिंप्याचा तो एवढ्याशा जिवाचा मोठा आवाज, दयाळाचं गाणं, हे सगळं मी स्क्रीनवर नाव उजळताना बघून शिकलो. पण भीमाशंकरला काय झालं ते ऐका. दहा मिनिटांत ॲपने शिक्रा, सर्पगरुड, हळद्या, सातभाई अशी यादी लावली, आम्ही मान दुखेस्तोवर शोधलं, एकही नाही. शेवटी एका फांदीवर शेपटीची दोन लांब पिसं आणि टोकाला त्या चपट्या चकत्या दिसल्या, भृंगराज. एकटा पठ्ठ्या सगळ्यांच्या नकला करत होता, आमच्यासमोर त्याने शिक्र्याचा आवाज काढला! आवाज हुबेहूब तेच, तर ॲप तरी काय करणार. पण याच्या आधीच्या ट्रेकला मी असाच एक न बघितलेला पक्षी ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट) टाकला होता, तिथे याद्या तपासणारे स्वयंसेवक असतात, त्यातल्या एकाचा अगदी सभ्य मेल आला की हा पक्षी आपण पाहिला होता का, काही वर्णन देता येईल का. मला काही देता आलं नाही, मी नोंद काढून टाकली. तेव्हापासून नियम केलाय, ॲपने नाव सांगितलं तर ते फक्त शोधायला लागण्यासाठी, वहीत नाही. ई-बर्डच्या याद्यांवरून कुठला पक्षी कुठे कमी होतोय हे बघितलं जातं, त्यात आपण अंदाज भरायचे नसतात.

फोनमध्ये आवाज असतात म्हणून एक गोष्ट तळमळीने सांगतोय. जूनमध्ये कोकणातल्या एका जंगलात काही जण स्पीकरवर नवरंगाचा आवाज लावून बसले होते, पक्षी पुन्हा पुन्हा समोर येत होता आणि हे क्लिक करत होते. तो त्याच्या विणीचा काळ आहे, त्याला वाटतं दुसरा नर आपल्या हद्दीत घुसलाय, घरटं आणि खाणं सोडून तो भांडायला येतो. मी जाऊन सांगितलं, एकाने स्पीकर बंद केला, बाकीचे चिडले. कृपा करून असं करू नका, आणि घरटं दिसलं तर फोटो न काढता पुढे चला, आपण उभे राहतो तेवढा वेळ पिल्लं उपाशी असतात आणि कावळे आपल्यावर नजर ठेवून असतात.

बजेट एकाच गोष्टीचं असेल तर दुर्बीण. दोन वर्षं कॅमेरा नसला तरी चालेल.

अजून एक कोडं मात्र तिघांनाही सुटलेलं नाही. जानेवारीत सिंहगड व्हॅलीत करंजाच्या झाडावर एक हिरवट रंगाचा वटवट्या, हिवाळी पाहुणा, सतत हलणारा, बोटभर. दुर्बिणीतून भुवईची फिकट रेघ दिसली, पंखावरचा पट्टा आहे की नाही ते कळलं नाही. फोटो आठ, सगळ्यांत पानं. यांच्यातल्या दोन-तीन जाती दिसायला इतक्या सारख्या की आवाजच ऐकावा लागतो, आणि तो तेवढा वेळ गप्प होता. ई-बर्डवर मी त्याची नोंद 'पर्ण वटवट्या, जात नक्की नाही' अशीच ठेवलीय, येत्या रविवारी पहाटे त्याच झाडाखाली जाणार आहे, मार्च-एप्रिलमध्ये ते परत जायच्या आत एकदा तरी बोलला पाहिजे.