रूट प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर, आठ महिने वापरून झाल्यावर

लातूरला आमची बिस्किट-फरसाणची एजन्सी आहे, दोन छोटा हत्ती आणि औसा, निलंगा, मुरूड धरून एकशेचाळीसेक दुकानं. आठ महिने झाले हे सॉफ्टवेअर वापरायलोय, नाव लिहीत नाही कारण निम्मा घोळ आमचाच होता.

सुरुवातीला नुसत्या पत्त्यांची एक्सेल टाकली, म्हणलं नकाशावर दुकानाची पिन तेच काढंल. तर मुरूडचं पहिलंच दुकान गेलं कोकणात, मुरूड-जंजिऱ्याला! मग अक्षांश-रेखांश भरायला बसलो तर पोरानं कॉलम उलटे टाकले, 18.40, 76.56 च्या जागी 76.56, 18.40, आणि बघतो तर लातूरची दुकानं पार स्वालबार्डजवळच्या समुद्रात. पण असली चूक लगेच दिसती तरी. एका दुकानाचं 18 अंश 24 मिनिटं आलं होतं ते त्यानं सरळ 18.24 टाइप केलं, 24 ला 60 नं भागून 0.40 करायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच नाही, दुकान लातुरातलं आणि पिन सतरा-अठरा किलोमीटर खाली औशाकडं. चार दिवस गाडी तिकडचा फेरा मारून आली. दशांशानंतर पाच आकडे ठेवा बरं का, एक्सेलनं दोनवर आणले की अर्धा-पाऊण किलोमीटरपर्यंत इकडंतिकडं होतंय. शेवटी ड्रायव्हर मामालाच प्रत्येक दुकानासमोर उभं राहून पिन टाकायला लावला. गोडाऊनचं दार मागच्या गल्लीत असंल तर तिथला.

टायमिंगचा ताप वेगळाच. दुकानदार सांगणार सकाळी 9 ते रात्री 9, आणि दुपारी शटर खाली. तिथं 9 ते 1 आणि 4 ते 9 असे दोन स्लॉट टाकले तेव्हा कुठं गाडी परत यायची थांबली. हायवेवरचा ढाबा माल घेणार रात्री 11 ते 1, ते एका ओळीत घेतच नाही, एरर. 12 ला तोडून दुसऱ्या दिवशीच्या खात्यात टाकावं लागतंय. आणि थांबायचा वेळ सगळीकडं आपोआप 5 मिनिटं धरलेला. निलंग्याला एक काका आहेत, खोका न खोका फोडून तारीख बघणार, मग चहा, त्यांना 25 मिनिटं लावली तेव्हापासून पुढच्यांचे फोन बंद झाले.

आठवडी बाजाराचं मात्र अजून जमलं नाही. त्या दिवशी दुकान उघडं असतंय पण गाडी गल्लीत शिरत नाही, आणि "उघडं पण येऊ नका" असा पर्यायच नाही, म्हणून त्या वाराला दुकान बंद दाखवतो. पाचपैकी साडेतीन. मामा अजूनपण रेणापूरला स्वतःच्याच रस्त्यानं जातात, अन् लवकर पोचतात.